तीन बाय एकची काच

बालाघाट जिल्ह्यातल्या हट्ट्याला पाहुणा आला की त्याला बावडी दाखवायला नेतात. गोंड राजांच्या काळातली म्हणून ती सांगितली जाते. दगडी पायऱ्या, दगडी खांब, भर वैशाखात खालून येणारा गारवा आणि वरच्या काठावर फोटो काढणाऱ्यांची झुंबड. हट्टा रोड स्टेशनावर उतरून कोणी सरकारी दवाखान्यातली स्लाइड बघायला गेला, असं मात्र ऐकिवात नाही. जाणार तरी कशाला? ती बघण्यासाठी केलेलीच नाही. तिच्यातून आरपार दुसरं काहीतरी दिसावं म्हणून ती केलेली आहे.

तीन इंच लांब, एक इंच रुंद, जाडीला मिलिमीटरच्या आसपास. रंग नाही, नक्षी नाही, उलटसुलट नाही. पन्नासांच्या खोक्यातून येते तेव्हा अंगाला तेलकट ओशटपणा असतो. नवी असली तरी आधी धुवावी लागते, नाहीतर रक्ताचा थेंब तिच्यावर नीट बसत नाही, इकडेतिकडे पळतो. धरायचीसुद्धा कडेनं. मधोमध अंगठा टेकवला की तुमचा ठसा तिच्यावर उमटतो आणि पुढं सूक्ष्मदर्शकाखाली तो डोंगरदऱ्यांएवढा होऊन बसतो. दुसऱ्याचं खरं सांगायचं तर स्वतःच्या अंगावर काही असता कामा नये, इतकं सोवळं ती पाळते. त्यापलीकडे तिचे काही नखरे नाहीत.

तिचं घराणं मोठं आहे, पण ती त्याचा तोरा मिरवत नाही. मूळ पुरुष डेल्फ्टचा कापडवाला, आंतोनी फान लेवेनहूक. हा गृहस्थ हरभऱ्याच्या डाळीहूनही लहान भिंगं स्वतः घासून काढायचा आणि पाण्याचा थेंब, दातावरचा मळ, जे हाताला लागेल ते टाचणीच्या टोकाला किंवा बारीक काचनळीत धरून पाहायचा. 1676 मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून पाण्यातल्या चिमुकल्या जिवांची हकिकत कळवली, तेव्हा विद्वानांना ती पटकन खरी वाटली नाही. ज्याच्या टाचणीला तो जीव चिकटलाय त्यानंच तो पाहिलाय, दुसऱ्यानं पाहायचा कसा? नमुना हातातून हाती जायला एक पट्टी हवी होती. अठराव्या शतकात ती हस्तिदंताची किंवा हाडाची असायची. पट्टीला गोल भोकं, भोकात अभ्रकाच्या दोन चकत्या, चकत्यांच्या मध्ये माशीचा पंख किंवा पिसू. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली ती करमणूक होती. नंतर काच स्वस्त झाली, आणि 1839 मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीनं ‘तीन इंच बाय एक इंच’ हे माप ठरवून टाकलं. आज बर्लिनची पट्टी बालाघाटच्या सूक्ष्मदर्शकावर बसते आणि बालाघाटची बर्लिनच्या, ती त्या एका ठरावाच्या पुण्याईनं. शास्त्राच्या इतिहासात असल्या ठरावांना कोणी पुतळे उभारत नाही. माझ्या मते एखादा तरी उभारायला हरकत नव्हती.

हट्ट्याच्या पट्टीची खरी नोकरी पावसाळ्यात सुरू होते. वैनगंगेच्या या खोऱ्यात आषाढापासून जिकडे बघावं तिकडे धानाच्या बांध्या भरलेल्या असतात, आणि पूर्वेला घाट चढून बैहरच्या पठारावर गेलं की साल-बांबूचं रान, नाले, झरे आणि हिवताप. अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस या डासाच्या मादीला स्वच्छ साचलेलं पाणी आवडतं. धानाची बांधी, ओढ्याकाठचं डबकं, न उपसलेली विहीर, सगळं तिला चालतं. तिची चुलत बहीण फ्लुविएटिलिस डोंगरपायथ्याच्या संथ वाहत्या पाण्यात अंडी घालते. अंगात हीव भरायला आणखी काय हवं?

मग गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई दारात येते. ओसरीवर गोधडी पांघरून म्हातारी बसलेली असते.

“आजी, डावा हात द्या जी.”

“आता कायले? मागल्या खेपेस बी रगत नेलं ना माय. काही सांगतलं का कोनं?”

“सांगू ना. थेंबभरच पायजे.”

“थेंबभर थेंबभर करून सारी आटली मी बाप्पा.”

म्हणत म्हणत हात पुढं येतो. करंगळीशेजारचं बोट, स्पिरिटचा बोळा, वाळेपर्यंत दम, मग टोचणी. पहिला थेंब पुसून टाकायचा. पुढचे तीन पट्टीच्या एका बाजूला जवळजवळ टिपायचे आणि दुसऱ्या पट्टीच्या कोपऱ्यानं फिरवून त्यांचा लहानसा गोल जाड डाग करायचा. आणखी एक थेंब पट्टीच्या मध्याशी घेऊन दुसऱ्या पट्टीच्या कडेनं तिरकस पुढं ओढायचा. तो जिभेच्या आकाराचा पातळ पसरतो. जाड डाग बरोबर जमला की नाही याची परीक्षा फार देशी आहे. पट्टी वर्तमानपत्रावर ठेवायची. डागातून खालची अक्षरं वाचता आली तर ठीक. गोंदियाहून आलेल्या शिळ्या अंकाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

पातळ डाग वाळला की त्याच्यावरच साध्या शिसपेन्सिलीनं क्रमांक लिहितात. रक्तावर पेन्सिलीनं लिहिता येतं, आणि ते पाण्यानं, रंगानं पुसत नाही. म्हातारीचं नाव कागदावर हिंदीत जातं. ताप तिला पोवारीत आलेला असतो, आशाताईशी बोलणं झाडीबोलीत झालेलं असतं, फॉर्म भोपाळचा असतो. 1956 पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. त्या खुणा दप्तरातून गेल्या, जिभेवरून गेल्या नाहीत. काचेला भाषेशी देणंघेणं नाही. तिला फक्त क्रमांक कळतो, आणि क्रमांक चुकला तर एकाचा मलेरिया दुसऱ्याच्या घरी जातो.

वाळत ठेवलेल्या पट्टीचे शत्रू पुष्कळ. माशा आणि मुंग्या ते रक्त खातात. झुरळंही खातात. हे ऐकून हसू येतं, पण अर्धा डाग खाल्लेल्या पट्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हसू येत नाही. श्रावणातल्या दमट हवेत पट्ट्या एकमेकींना चिकटतात, बुरशी धरतात. उन्हात ठेवल्या तर रक्त काचेवर भाजून घट्ट बसतं आणि मग धुतल्यानं सुटत नाही. म्हणजे सावली हवी, वारा हवा, झाकण हवं, आणि तेही दुसऱ्याच्या ओसरीवर, पाऊस पडत असताना.

इथं एका माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. रोनाल्ड रॉस. अल्मोड्यात जन्मलेला, लष्करी वैद्यकीय सेवेतला, तऱ्हेवाईक आणि चिकट माणूस. शाळेच्या पुस्तकातला रॉस आपल्याला ठाऊक असतो: सिकंदराबाद, 20 ऑगस्ट 1897, डासाच्या पोटाच्या भिंतीत सापडलेल्या काळ्या कणांच्या पेशी. त्याआधी दोन वर्षं तो चुकीच्या जातीचे डास फाडत बसला होता. घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, नेत्रिका तडकली. पंखा हलवायची सोय नव्हती, कारण फाडलेले डास उडून गेले असते. हुसेन खान नावाच्या रुग्णाला तो डास चावून घ्यायला लावायचा आणि दर चाव्यामागं एक आणा द्यायचा. नोबेल मिळालं 1902 मध्ये, आणि हुसेन खानाचं नाव तळटिपेत राहिलं. हा रॉस फोटोतला. हट्ट्याच्या पट्टीला ठाऊक असलेला रॉस वेगळा आहे. 1903 मध्ये त्यानं सुचवलं की रक्त पातळ पसरून तासन्‌तास शोधण्यापेक्षा जाड थेंबच वाळवावा आणि पाण्यानं त्यातला तांबडा रंग धुऊन टाकावा. तांबड्या पेशी फुटून वाहून जातात, परोपजीवी काचेवर उरतो. तेवढ्याच जागेत कितीतरी पट रक्त तपासून होतं. डासाच्या पोटाचा शोध जगानं डोक्यावर घेतला. पण म्हातारीच्या बोटातून निघणारा तो जाड डाग रोज, विनातक्रार, रॉसच्या हातानं काम करतो. नोबेलचं पदक नसतं तरी चाललं असतं, जाड डाग नसता तर अडलं असतं. हे मत माझं. रॉसला ते मुळीच आवडलं नसतं.

प्रयोगशाळेत पट्टी रंगते. रंगल्याशिवाय ती बोलत नाही, आणि रंग ही गोष्ट मुळात डॉक्टरांची नव्हेच, ती रंगाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या कारखान्यांनी डांबरापासून कापड रंगवायचे रंग काढले. रॉबर्ट कॉख या खेड्यातल्या डॉक्टरनं 1877 मध्ये जंतू काचेवर पातळ पसरून, वाळवून, त्या रंगांनी रंगवून त्यांचे फोटो छापले. लेवेनहूकच्या वेळची ‘मी पाहिलं, तुम्ही कसं पाहणार’ ही अडचण तिथं संपली. कोणीही तसंच करून पाहावं आणि तसंच दिसावं. पाच वर्षांनी, 24 मार्च 1882 ला, त्याच रीतीनं त्यानं क्षयाचा जंतू बर्लिनच्या विद्वानांसमोर ठेवला. त्याचा सहकारी पाउल एरलिख रंगांचा इतका वेडा की त्याची बोटं कायम रंगलेली असत. मेथिलीन ब्लू हा निळा रंग मलेरियाच्या परोपजीवीला धरतो हे पाहून 1891 मध्ये एरलिख आणि गुटमन यांनी तोच रंग दोन रुग्णांना औषध म्हणून दिला, आणि ताप हटला. काचेवर जो रंग जंतूला शोधतो तो पोटात जाऊन त्याला गाठेल, हा विचारच मोठा होता. रसायनांनी रोग बरा करण्याची पुढची सगळी वाट तिथून फुटली. त्याच वर्षी रोमानोव्स्कीनं निळ्यात तांबडा इओसिन मिसळून परोपजीवीचं केंद्रक वेगळं रंगवलं, आणि 1904 मध्ये हॅम्बुर्गच्या गिम्सानं ते मिश्रण पक्कं केलं.

यातलं बहुतेक जर्मनीत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रंग यायचा बंद झाला आणि इकडे मलेरियाला तर युद्ध माहीतच नव्हतं. दिल्लीच्या मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडियातल्या जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी 1944 मध्ये आपला रंग काढला. मेथिलीन ब्लू, पोटॅशियम डायक्रोमेट, थोडं गंधकाम्ल, उष्णता, सोडियमचा एक फॉस्फेट. दुसऱ्या बाटलीत इओसिन. मिथेनॉलमध्ये नव्हे, पाण्यात विरघळणारा, म्हणून स्वस्त. प्रयोगशाळेत त्याला ‘जेएसबी’ म्हणतात. रोज त्याच्यात पट्ट्या बुडवणाऱ्या किती जणांना या तीन अक्षरांतली दोन माणसं माहीत असतील, शंका आहे. पट्टी आधी साध्या पाण्यात, जाड डाग फिकट पडेपर्यंत. मग इओसिनमध्ये क्षणभर, पाण्यात, मग निळ्यात अर्धा-पाऊण मिनिट, पुन्हा पाण्यात, आणि लाकडी ठोकळ्यावर उभी वाळायला. दहा-बारा पट्ट्या रांगेनं उभ्या असतात. सगळ्या जांभळट. कोणाचा ताप कुठला, बाहेरून काही कळत नाही.

वाळलेल्या पट्टीवर सीडरच्या तेलाचा थेंब पडतो, शंभरपट भिंग तेलात उतरतं, आणि पट्टी अखेर तोंड उघडते.

पहिल्यांदा दिसतो तो नुसता जांभळा राडा. नवशिक्याला प्रत्येक ठिपका मलेरिया वाटतो. रंगाचा कण, धुळीचा कण, रक्तातल्या बिंबिका, सगळे संशयित. नजर बसायला महिने जातात. बसल्यावर मात्र तंत्रज्ञ क्षणात सांगतो, “हा पीव्ही, हा पीएफ.” पीव्ही म्हणजे व्हायव्हॅक्स. तो तांबडी पेशी फुगवतो, आत ऐसपैस पसरतो, वेडावाकडा होतो. पीएफ म्हणजे फाल्सिपेरम, बैहरकडचा, जीवघेणा. तो नीटनेटका. बारीक नाजूक कडी, कधी एका पेशीत दोन-दोन, कधी पेशीच्या अगदी कडेला चिकटलेली. आणि आठवड्या-दहा दिवसांनी त्याचं जननरूप दिसतं ते थेट बाईच्या कपाळावरच्या चंद्रकोरीसारखं. इतकं देखणं, की हा मेंदूत जाऊन माणूस मारतो हे पटायला वेळ लागतो.

ही चंद्रकोर सगळ्यांआधी ओळखली ती शार्ल लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरनं, अल्जीरियातल्या कॉन्स्टँटिनच्या रुग्णालयात. साल 1880. त्याच्याकडे रंग नव्हता; ताजं, ओलं रक्त काचेवर घेऊन तो पाहत होता. 6 नोव्हेंबरला एका सैनिकाच्या रक्तात एका गोल पेशीच्या कडेनं चाबकासारखे धागे सपासप हलताना त्याला दिसले. रक्तात जिवंत प्राणी आहे! तेव्हा इटलीत क्लेब्स आणि तोमासी-क्रुदेली यांनी दलदलीच्या मातीतून मलेरियाचा ‘बॅसिलस’ काढल्याचं जाहीर करून झालं होतं आणि जग त्यांच्या बाजूला होतं. लाव्हरांवर विश्वास बसायला वर्षं लागली. नोबेल 1907 मध्ये आलं. मला या गोष्टीत लाव्हरांपेक्षा त्याची पट्टी जास्त भावते. तिनं बॅसिलसवाल्यांची बाजू घेतली नाही, लाव्हरांचीही घेतली नाही. जे होतं ते दाखवलं आणि भांडण माणसांवर सोडलं.

आता तिचे दोष. शब्दचित्र लिहायला बसलं की गुणच लिहावेसे वाटतात, पण ही बाई फार उशिरा यायची, हे सांगितलं नाही तर हट्ट्याकडची माणसं मला हसतील.

1953 मध्ये देशानं मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला आणि 1958 मध्ये तो ‘निर्मूलना’चा झाला. डीडीटीची फवारणी उपयोगी पडते हे मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड-कारवारकडे 1946 च्या सुमारास दाखवून दिलेलं होतं. फवारणीवाले यायचे, भिंतीवर तारीख टाकून जायचे. पोळ्या-दिवाळीला बाया शेणामातीनं भिंती सारवायच्या आणि डीडीटी सारवणाखाली जायचं. घर स्वच्छ, डास खूश. त्यांच्या पाठोपाठ पंधरवड्याला निगराणी करणारा यायचा, ‘कोणाला ताप आला होता का’ विचारायचा, आला असला तर पट्टीवर रक्त घ्यायचा आणि क्लोरोक्विनच्या चार कडू गोळ्या हातावर ठेवायचा. गोळ्या आधी, तपासणी मागाहून. कारण पट्टी कधी पोचेल, कधी वाचली जाईल, याचा नेम नव्हता. झोळीतून सायकलवर, सायकलवरून नॅरोगेजच्या गाडीत किंवा एसटीच्या टपावर, मग कुठल्याशा टेबलावर इतर शेकडो पट्ट्यांच्या खाली. निकाल यायचा तोवर माणूस बरा होऊन रोवणीला गेलेला असायचा, नाहीतर त्याची तेरवी झालेली असायची. ओसरीवरच्या म्हातारीचं “काही सांगतलं का कोनं?” हे बोलणं त्या काळापासून चालत आलेलं आहे. अंदाजानं दिलेल्या त्या चार गोळ्या म्हणजे पट्टीच्या उशिराची भरपाई होती.

तरी एक काळ असा आला की वाटलं, जिंकलो. साठीच्या दशकाच्या मध्याला देशात वर्षाकाठी रुग्ण लाखभरावर उतरले होते. स्वातंत्र्याच्या वेळी अंदाज साडेसात कोटींचा होता. मग पैसा आटला, डीडीटी वेळेवर येईना, डास त्याला जुमानेनासे झाले, आणि ज्यांच्या नजरा बसल्या होत्या ती माणसं दुसऱ्या कामांना लावली गेली. 1976 मध्ये रुग्ण 64 लाखांच्या वर गेले. न वाचलेल्या पट्ट्यांचे गठ्ठे त्या काळात ठिकठिकाणी साठले होते. पट्टीत जे होतं ते होतंच. तिच्याकडे बघायला कोणी बसलेलं नव्हतं.

‘निगेटिव्ह’ या शिक्क्याचा अर्थ म्हणूनच जपून घ्यावा. जाड डागाची शंभर क्षेत्रं पाहायची असा नियम आहे. सकाळच्या पहिल्या पट्टीची शंभर होतात. संध्याकाळी पाचच्या पट्टीची, वीज तीनदा गेल्यावर, डोळ्यांत पाणी आल्यावर? आणि शंभरही झाली तरी फाल्सिपेरमची वाढलेली रूपं रक्तात फिरतच नाहीत, मेंदूच्या-आतड्यांच्या केशवाहिन्यांत चिकटून बसतात. बोटातून येते ती वरवरची गर्दी. व्हायव्हॅक्स तर यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतो. यकृतातला हा मुक्काम शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी 1948 मध्ये दाखवला, झोपलेलं रूप आणखी तीसेक वर्षांनी सापडलं. तिथलं पट्टीला काहीच माहीत नसतं. निगेटिव्ह म्हणजे या थेंबात, या माणसाला, या वेळी दिसला नाही. जाणता तंत्रज्ञ ताप उतरला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट मागतो, आणि म्हातारी पुन्हा आटते.

मलेरियाशिवाय तिच्याकडे इतर कामंही असत. थुंकी पसरून, तांबड्या रंगात गरम करून, आम्लानं धुऊन क्षयाच्या लाल काड्या दाखवणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं. आता ते गोव्यात बनणाऱ्या ट्रूनॅटसारख्या यंत्रांकडे चाललं आहे, आणि जावं. ती यंत्रं औषधाला न जुमानणारा जंतूही ओळखतात, पट्टीला ते कधी जमलं नसतं. कुष्ठरोगासाठी कानाच्या पाळीला बारीक चिरून रस घ्यायचे. सेवाग्रामचं 1940 चं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. गांधीजी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कुष्ठरोगाचे जंतू पाहताहेत. संस्कृत पंडित परचुरेशास्त्री तेव्हा त्यांच्या आश्रमात राहत होते, त्यांना कुष्ठरोग होता, आणि गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करत. यंत्रांवर फारशी माया नसलेल्या म्हाताऱ्यालाही वाकून बघायला लावणारी ही काच. फोटोत ती दिसत नाही, अर्थातच.

आणि आता तिला सवत आली आहे. आशाताईच्या पिशवीत प्लॅस्टिकचं छोटं कार्ड असतं. थेंब टाका, औषधाचे थेंब टाका, वीस मिनिटं थांबा, रेघा मोजा. वीज नको, भिंग नको, नजर नको. ओसरीवरच निकाल आणि ओसरीवरच गोळ्या सुरू. शेजारच्या मंडला जिल्ह्यात 2017 पासून मलेरिया हटवण्याचा जो प्रकल्प चालला, त्यात गावोगाव ताप शोधून तिथल्या तिथं उपचार करण्यावर सगळा भर होता, आणि मलेरिया खरोखर फार खाली आला. बैहरच्या घाटात, जिथून दवाखाना अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे, तिथं कार्डाला पर्याय नाही. पट्टीचा अभिमान धरून कार्डाला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा भादव्यात तो घाट चढून बघावा.

पण कार्डाची एक खोड आहे. फाल्सिपेरमसाठी ते परोपजीवी शोधत नाही, त्यानं रक्तात टाकलेलं एक प्रथिन शोधतं. परोपजीवी मेल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात रेंगाळतं. आणि काही परोपजीवींनी ते प्रथिन बनवणंच सोडून दिलं आहे. तशा जाती भारतातही सापडल्या आहेत. तिथं कार्ड गप्प. किती परोपजीवी आहेत, औषधानं कमी होताहेत का, जिवंत आहेत का, हे कार्डाला सांगता येत नाही.

म्हणून औषध संपलं की आशाताई पुन्हा ओसरीवर येते. धान कापणीला आलेलं, घरात माणूस कमी, आणि सुनेला अजून कार्डावर रेघ दिसतेय म्हणून सासू तिला बांधावर पाठवायला तयार नाही. आशाताई काच काढते, बोट टोचते, पेन्सिलीनं क्रमांक घालते. यावेळी दवाखान्यातून फोन लवकर येतो, आजकाल फोन आहे हे एक बरं. शंभर क्षेत्रं पाहिली, एकही कडी नाही, एकही कोर नाही. “कार्डाकडे नका बघू,” तंत्रज्ञ सांगतो, “स्लाइड साफ आहे.” सून विळा घेऊन निघते. इकडे पट्टीवरचं तेल पुसलं जातं, क्रमांक वहीत चढतो आणि ती फेरतपासणीच्या डब्यात उभी राहते, जिल्ह्याच्या माणसानं कधीतरी उचलून पुन्हा शंभर क्षेत्रं मोजावीत म्हणून.